मदत हवी आहे: लिनक्स मिंट टाकल्यावर स्क्रीन काळी

ऐरोलीला घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय. चौथ्या पिढीचा इंटेल आय५, ८ जीबी रॅम, एनव्हिडिया जीटी ७१० कार्ड, मॉनिटर एचडीएमआयवर. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून हा बदल, पण विंडोजचं पार्टिशन ठेवायचंच आहे. बाबांचं टॅली त्यावर चालतं.

कम्पॅटिबिलिटी मोडमधून (साध्या ग्राफिक्सवर चालणारा पर्याय) इन्स्टॉल नीट झालं. आता ग्रबनंतर (सुरुवातीला कोणती सिस्टीम चालू करायची ते विचारणारा मेनू) लोगो दिसतो आणि स्क्रीन काळी होते. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबूनही टर्मिनल येत नाही. ग्रबमध्ये 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीत नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या मोडमध्ये चालवणारा पर्याय) लिहिलं की डेस्कटॉप येतो, पण रिझोल्यूशन १०२४×७६८ वर अडकतं आणि व्हिडिओ अडखळतात. विंडोजमध्ये सगळं स्वच्छ दिसतं, म्हणजे केबल-मॉनिटर ठीक. सिक्युअर बूट बंद आहे, आयएसओचा चेकसमही जुळला, म्हणजे डाउनलोड केलेली इन्स्टॉल फाइल बिघडलेली नाही.

मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर एनव्हिडियाचा ४७० मालिकेचा ड्रायव्हर सुचवतोय. ती मालिका कंपनीने २०२४ मध्येच थांबवली, त्यामुळे पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला पुन्हा काळी स्क्रीन नको, ही खरी काळजी. नवीन कार्ड घ्यायचं नाही. गेम खेळत नाही. ब्राउझर, ऑफिस आणि व्हिडिओ एवढंच.

तर ४७० टाकून कर्नल ६.८ वरच थांबवू, की कार्ड काढून मदरबोर्डच्या इंटेल ग्राफिक्सवर चालवू? आणि कार्ड काढलं तर नोमोडसेटही काढावं लागेल ना?