शब्दचर्चा : बेट म्हणावं की द्वीप?

माझी भाची सोलापुरात पर्यावरणशास्त्र शिकते. नान्नजच्या माळरानावर ती मराठीतून प्रकल्प लिहितेय. परवा तिने विचारलं, "मामा, 'नान्नजचा माळ म्हणजे शेतीत उरलेलं द्वीप' असं लिहिलंय. द्वीप ठेवू की बेट करू?"

मी म्हणालो, बेट. कारण सांगतो.

द्वीप या शब्दाच्या पोटातच पाणी आहे. द्वि आणि अप्, म्हणजे दोन्ही अंगांनी पाणी असलेली जमीन. समीप आणि अंतरीप हे शब्दही याच अप् वरून आले. पाणी काढून घेतलं तर द्वीप शब्दाला काही अर्थ उरत नाही. बेटाचं तसं नाही. आपण बांबूचं बेट म्हणतो, तेव्हा जवळपास थेंबभर पाणी नसतं. दाटीनं एकत्र उभं असलेलं, भोवतीच्या मोकळ्या जागेपासून डोळ्यांना वेगळं दिसणारं ते बेट. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात बेटाचे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आहेत. माळाचा तुकडा चहूकडून ऊस, ज्वारी आणि द्राक्षबागांनी वेढलेला असेल, तर त्याला हाच शब्द शोभतो.

प्रतिसाद (माढा तालुक्यातून) :
दादा, आमच्याकडं बेट म्हणजे उसाचं बेट. एका डोळ्यातनं फुटवे येतात, त्यांची जी मोळी जमिनीतनं वर येती ती. खोडवा ठेवताना आम्ही बेटं मोजतो, कुठं बेट मेलं तिथं नांगी भरतो, म्हंजे नवं रोप लावतो. आता उसाच्या मधला माळ पण बेट आणि ऊस पण बेट, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं?

उत्तर :
काका, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. तरी मला वाटतं, गोंधळ होणार नाही. 'माळाचं बेट', 'उसाचं बेट' असं षष्ठी लावून बोललं की अर्थ लख्ख होतो. अडचण वेगळीच आहे. बेट म्हटलं की भोवती समुद्र आहे असं आपण नकळत धरून चालतो. इथे समुद्र कुणासाठी? काळवीट रात्री ज्वारीत उतरतं आणि पोट भरून माळावर परततं. त्याला ज्वारी म्हणजे किनारा. माळावरच्या बिनपंखाच्या नाकतोड्याला नांगरलेलं एक वावर ओलांडणंही जड. एकाच तुकड्याभोवती प्रत्येक जिवाचा समुद्र निराळा. इंग्रजीत या वेढ्याला मॅट्रिक्स म्हणतात, मी 'भोवताल' सुचवतो. बेटावर काय टिकेल ते बेटाच्या आकारावर किती अवलंबून आणि भोवतालावर किती, हा अभ्यासकांपुढचा अजून न सुटलेला प्रश्न आहे.

१९६७ साली रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी बेटांचा जो सिद्धांत मांडला, त्यात मुख्य हिशेब दोनच : नव्या प्रजाती किती येतात आणि असलेल्या किती नाहीशा होतात. मोठं, किनाऱ्याजवळचं बेट भरलेलं. लहान, दूरचं रिकामं. त्याला ५० वर्षं झाली तेव्हा, २०१७ मध्ये, अभ्यासकांनी बेटांविषयीच्या ५० मूलभूत प्रश्नांची यादी केली. इतका काम झालेला विषय, आणि प्रश्न अजून इतके!

प्रतिसाद (भाचीचा) :
मामा, पण समुद्रातलं बेट आणि माळाचं बेट यांना एकच शब्द कसा चालेल? आइसलँडजवळचं सर्टसी १९६३ साली ज्वालामुखीतून वर आलं. तिथे सुरुवातीला काहीच नव्हतं, जे आलं ते बाहेरून आलं. आपला माळ उलटा. तो आधी सलग होता, भोवतीचं गेलं आणि हा राहिला.

उत्तर :
बेटा, मग दोन शब्द कर : उगवलेलं बेट आणि उरलेलं बेट. उगवलेलं बेट रिकामं सुरू होतं आणि भरत जातं. पुरेसा काळ मिळाला तर तिथे जगात दुसरीकडे नसलेले जीवही घडतात. अंदमानातल्या नारकोंडमचा धनेश पक्षी जेमतेम ७ चौरस किलोमीटरच्या बेटावर राहतो, आणखी कुठेच नाही. अशांना आपण प्रदेशनिष्ठ म्हणतो. उरलेलं बेट भरलेलं सुरू होतं आणि ओसरत जातं. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, १९१४ पर्यंत गाटून तलाव भरला आणि एका टेकडीचं बारो कोलोरॅडो बेट झालं. तिथलं रान राखलं, तरी पुढच्या दशकांत तिथले कित्येक पक्षी नाहीसे झाले.

अशी उशिरा येणारी हानी इंग्रजीत 'एक्स्टिंक्शन डेट' म्हणून ओळखली जाते. 'विलुप्ती-ऋण' असं भाषांतर वाचलं, ते कानाला टोचतं. 'नाशाची उधारी' म्हण. माल आज घरात दिसतो, पैसे पुढे चुकते करायचे असतात. माळावर आज चंडोल आणि धाविक हे पक्षी, लांडगा दिसतात. त्यातले टिकून कोण राहणार आणि उधारीवर कोण, हे कसं ओळखायचं? ती फेडायला किती वर्षं मिळतात? तुकडे पुन्हा जोडले तर माफ होते का? माळढोक पक्ष्यासाठी नान्नजच्या परिसरात १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होते, पुढे ते १,२२२ वर आणलं. खरं गवत त्याआधीपासूनच तुकड्यातुकड्यांत होतं. तुझ्या प्रकल्पात प्रत्येक तुकडा सलग माळापासून कधी तुटला ते साल जरूर लिही. उधारीचा हिशेब तिथूनच मांडावा लागतो.

प्रतिसाद (माढा तालुक्यातून) :
ताई, आमच्या शिवारातला माळ कालवा आल्यावर तुटला. साल आमच्या आईला पक्कं आठवतंय. लिहून घ्यायला या.