आइक्सफेल्डच्या मानचिन्हांतील चाक

जर्मनीतील आइक्सफेल्ड भागात अनेक गावांच्या मानचिन्हावर (ढालीच्या आकाराच्या अधिकृत चिन्हावर) दिसणारे सहा आऱ्यांचे चाक तेथील गाडे घडवणाऱ्या सुतारांचे असावे, हा तर्क मला पटत नाही. तांबड्या ढालीवरचे हे पांढरे चाक माइन्झ या जर्मन शहराच्या आर्चबिशपांचे (सत्ताही गाजवणाऱ्या प्रमुख ख्रिस्ती धर्मगुरूंचे) असून, १८०२ पर्यंत तो मुलूख त्यांच्याच अमलाखाली होता. पुढे विसाव्या शतकात गावांनी आपापली मानचिन्हे ठरवली, तेव्हा त्या जुन्या सत्तेची खूण त्यांत जाणीवपूर्वक घेतली गेली. शेजारच्या एरफुर्ट शहराच्या ढालीवरही हेच चाक आहे.

सुतारांचा संबंध येतो तो आख्यायिकेत. ९७५ ते १०११ या काळात आर्चबिशप असलेले विलिगिस हे चाके घडवणाऱ्याचे पुत्र होते, त्यांना हिणवण्यासाठी हितशत्रूंनी भिंतींवर चाके रेखाटली आणि त्यांनी तेच चिन्ह अभिमानाने स्वीकारले, असे सांगतात. कथा मला मनापासून आवडते. परंतु ढालीवरील वंशपरंपरागत चिन्हांची प्रथाच युरोपात बाराव्या शतकात रुजली, त्यामुळे या कथेला इतिहास मानता येत नाही. अशा चिन्हाचा अर्थ लावताना ते गाव पूर्वी कोणाच्या अमलाखाली होते, हे धंद्यांच्या आधी तपासावे, आणि गावाची जुनी मोहोर उपलब्ध असल्यास तीही अवश्य पाहावी.