सुवलाकीचं चिकन तव्यावर पाणी सोडतंय, मदत हवी आहे

घरी ग्रीक सुवलाकी (मुरवून भाजलेले मांसाचे तुकडे) करतेय. अर्धा किलो बोनलेस मांडीचे तुकडे, ४ चमचे ऑलिव्ह ऑइल, २ लिंबांचा रस, ठेचलेला लसूण, सुकं ओरेगॅनो, मीठ. रात्रभर मुरवलं तर तुकडे बाहेरून पांढरट, पिठूळ झाले. मग २ तासच ठेवलं. चव मस्त आली, पण बिडाच्या कडक तापलेल्या तव्यावर टाकताच पाणी सुटलं आणि चिकन भाजण्याऐवजी शिजलं. थोडे थोडे तुकडे टाकूनही तेच. पुसून घ्यावेत, तर लसूण-ओरेगॅनो निघून जाईल अशी भीती वाटते. ओव्हन, कोळसा नाही, फक्त गॅस. दही नको, त्याने चव आपल्या टिक्क्याकडे झुकते. कडा खरपूस होण्यासाठी लिंबू मुरवतानाच घालायचं की भाजल्यावर वरून पिळायचं? आणि मीठ कधी?