मदत हवी आहे: जॉन वानामेकर, आधी दुकानदार सांगू की टपालमंत्री?

मंडळी, नमस्कार.

आमच्या तिकीटसंग्राहकांच्या गटात रविवारी वीस मिनिटं बोलायचंय. विषय मीच ओढवून घेतला: अमेरिकेची १८९३ ची कोलंबस मालिका. तिकिटं १६, किंमत १ सेंटपासून ५ डॉलरपर्यंत. १ सेंटच्या निळ्या तिकिटावर कोलंबसाला जमीन दिसते तेव्हा तो चक्क गुळगुळीत दाढी केलेला, आणि २ सेंटवाल्यावर किनाऱ्यावर उतरतो तो भरघोस दाढी घेऊन! (इथे हशा नक्की.)

गाडी अडलीय ती मालिका काढणाऱ्या माणसापाशी. वानामेकर, नावातच अर्धा वाणी. १८६१ मध्ये फिलाडेल्फियात मेव्हण्याबरोबर कपड्यांचं दुकान टाकलं, १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यावर भलंमोठं दुकान थाटलं. मालावर किमतीची चिठ्ठी, घासाघीस बंद, पसंत नसेल तर पैसे परत. १८८८ ला बेंजामिन हॅरिसनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी दोन लाख डॉलरच्या वर वर्गणी गोळा केली आणि १८८९ मध्ये थेट मंत्रिमंडळात.

पहिली शंका किरकोळ आहे. त्याचं पद 'पोस्टमास्टर जनरल', पण आपल्याकडे त्या नावाचा माणूस म्हणजे टपालखात्याच्या एका क्षेत्राचा अधिकारी. 'टपालमंत्री' म्हटलं तर चालेल ना?

खरी पंचाईत पुढे आहे. शेतकऱ्याला पत्रासाठी गावातल्या पोस्टात खेटे घालावे लागत. त्याच्या दारात टपाल पोचवा म्हणून हा हटून बसला. योजना सुरू झाली १८९६ मध्ये, तो पायउतार झाल्यावर. पण याच्याच खात्यात पहिल्या वर्षभरात सुमारे ३० हजार पोस्टमास्तर बदलून पक्षाची माणसं बसवली गेली. नोकरभरतीतल्या वशिलेबाजीवरून थिओडोर रूझवेल्टशी (तेव्हा तो सनदी सेवा आयोगावर होता) जाहीर खडाजंगी झाली.

शिवाय खेड्यात घरपोच टपाल म्हणजे मोठ्या दुकानदाराचीही सोयच की! पद आणि धंदा यांचा असा गुंता आधीही झाला होता: १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटने न्यूयॉर्कचे कापडव्यापारी स्टुअर्ट यांना अर्थमंत्री करायचं ठरवलं, तर व्यापार करणारा त्या खात्यात चालत नाही हा १७८९ चा कायदा आडवा आला. टपालखात्याला तसली आडकाठी नव्हती.

मला माणूस आवडलाय, तिथेच घोळ आहे. ३० हजारांचं प्रकरण आधी काढलं तर पुढचं कोणी मनावर घेणार नाही, शेवटी काढलं तर लपवल्यासारखं वाटेल. अमेरिकी टपालात मुरलेल्या कोणी क्रम सुचवा. शुक्रवारपर्यंत कळलं तर बरं, स्लाइड्स अजून व्हायच्यात.