मदत हवी आहे : अंगणवाडीत गोष्टी वाचून दाखवण्याबद्दल

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या अंगणवाडीत मी दर शनिवारी तासभर गोष्टी वाचून दाखवते. मुलं ३ ते ६ वर्षांची. सेविकाताई फार उत्साही आहेत, त्यामुळे परवानगी वगैरेची अडचण नाही.

अडचण वेगळीच आहे. पुस्तक हातात धरलं की पुढच्या चौघांनाच चित्र दिसतं, मागची पोरं "ताई, मला नाय दिसत" म्हणत थेट मांडीवर येऊन बसतात. मोठ्या आकाराची मराठी चित्रपुस्तकं कुठे मिळतील? प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापायलाही मुभा आहे. पण ए-थ्री रंगीत छपाई महाग पडते. कुणी स्वस्तात करून घेतली आहे का? की जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं टिकतं?

दुसरं म्हणजे, निम्म्या मुलांच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलतात. मधेमधे त्यांच्या भाषेत सांगावं, की मराठीच हावभाव करून रेटावं? मला पहिलं पटतं, पण कन्नडच्या नावाने माझी बोंब आहे. एखाद्या आईला सोबत बसवून असं दोन भाषांत वाचन कुणी केलं असेल तर कसं जमवलं, ते जरा सविस्तर सांगा.

(मोबाइलवर व्हिडिओ दाखवा, हा सल्ला कृपया नको!)