विजयंता रणगाडा: रंग, गंज आणि फलकावरचा मजकूर

(प्रश्नोत्तरांची चर्चा; कोलनआधीची नावं म्हणजे लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

फाटकाजवळ:
आमच्या कॉलेजच्या फाटकाशी विजयंता रणगाडा ठेवलेला आहे. गेल्या वेळी रेड ऑक्साईड मारून वर हिरवा इनॅमल दिला होता. दोन पावसाळ्यांत वरच्या बाजूचे पापुद्रे सुटले, पोटाखालून तांबडं पाणी ठिबकतं आणि पुढच्या दोन चाकांच्या रबराला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात. चौथरा सपाट, वर फरशी. पेंटरने घासून पुन्हा तेच मारायचं कोटेशन दिलंय.
फलकही नवा करायचाय. जुन्यावर लिहिलंय: "१९६५च्या युद्धात पराक्रम गाजवलेला, रशियन बनावटीचा, आवडी येथे तयार झालेला." यातलं नेमकं काय ठेवायचं?

कोनशिला:
आधी फलकाचं बघू, ते स्वस्तात सुटतं.

तो खरंच विजयंता आहे का, हे चाकं मोजून ठरवा. एका बाजूला सहा मोठी चाकं, त्यांच्या वर लोखंडी साखळीपट्टा पेलणारे तीन लहान रोलर आणि टरेट (तोफेचा फिरता बुरूज) कोनदार असेल तर विजयंता. पाच चाकं, पहिल्या-दुसऱ्यात जास्त अंतर, वर रोलर नाहीत आणि टरेट उलट्या वाटीसारखं गोल असेल तर तो टी-५५. तो बाहेरून आलेला, आवडीचा नव्हे. नळीवरून ओळखायला जाऊ नका: आपल्या बऱ्याच टी-५५ना मूळची १०० मिमीची तोफ काढून १०५ मिमीची बसवली होती आणि विजयंताचीही १०५चीच. टी-७२लाही सहा चाकं आणि तीन रोलर असतात, पण त्याचं टरेट गोल आणि तोफ १२५ मिमीची.

विजयंता असेल तर "रशियन" काढा. आराखडा ब्रिटनच्या विकर्स कंपनीचा. करार १९६१चा, आणि त्याच वर्षी चेन्नईजवळ आवडीला अवजड वाहन कारखाना उभा राहू लागला. तिथून पहिला गाडा १९६५च्या अखेरीस बाहेर पडला. युद्ध तर सप्टेंबरातच थांबलं होतं. त्या युद्धात आपल्याकडे सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स-१३ होते. १९७१मध्ये मात्र विजयंता सेवेत होता, एवढं बिनधास्त लिहा. "पराक्रम गाजवलेला" हे तुमच्याच गाड्याबद्दल लिहायचं असेल तर तो कोणत्या रेजिमेंटकडे होता त्याचा कागद हवा. नसेल तर ते वाक्य गाळा.

सुरुवातीचे काही गाडे विकर्सने ब्रिटनमध्येच बांधून पाठवले, त्यामुळे "आवडी येथे तयार झालेला" हेही निर्मात्याची पाटी वाचूनच लिहावं. पाटी रंगाखाली गेली असेल तर जेल रिमूव्हरने (रंग सोडवणाऱ्या लेपाने) उघडा, पॉलिश पेपर लावू नका, कोरलेले आकडे पुसट होतात.

बाकी मजकूर: वजन सुमारे ३९ टन, चालवायला चौघे, इंजिन लेलँड एल-६०. या इंजिनाबद्दल एक ओळ जरूर टाका. सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात, व्हॉल्व्ह नाहीत, क्रँकशाफ्ट दोन. पोरं तिथेच थांबून वाचतील.

निर्माता म्हणून "आर्मर्ड व्हेइकल्स निगम" लिहायचा मोह आवरा. ती कंपनी १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ मोडून झालेल्या सात कंपन्यांपैकी एक. आवडीचा कारखाना आज तिच्याकडे आहे (आपल्या अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीसुद्धा), पण विजयंताचं उत्पादन त्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात थांबलं.

मायक्रॉन:
पेंटरचं कोटेशन बाजूला ठेवा. पाणी आत असेपर्यंत बाहेरून काहीही मारा, दोन वर्षांत हेच होणार.

रणगाड्याचा तळ मुद्दाम पाणी येऊ न देणारा असतो. म्हणजे वरून आत गेलेलं पाणीही बाहेर पडत नाही. ते शिरतं इंजिनावरच्या जाळ्यांतून, झाकणांच्या आटलेल्या रबरातून आणि टरेट फिरतं त्या कड्याच्या फटीतून. तळाशी आडव्या टॉर्शन बार (चाकांना स्प्रिंगसारख्या पेलणाऱ्या सळ्या) असतात, त्यांच्यामध्ये पाला, माती आणि डिझेलचा चिकट गाळ यांचा चिखल साठून राहतो. तांबडं पाणी तिथलं. पोटाखाली ड्रेन प्लग आणि तपासणीची झाकणं आहेत, बहुधा रंगाखाली बुजलेली. ती शोधा, भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा, मग सोडवा. चिखल आतून काढा. डिझेल आणि तेल गटारात सोडू नका. प्लग परत बसवूच नका, भोकांना स्टीलची बारीक जाळी लावा म्हणजे उंदीर शिरणार नाहीत. इंजिनावरच्या जाळ्यांवर आतून पत्र्याचं उतरतं छप्पर द्या, पण हवा खेळती ठेवा. वर प्लास्टिक गुंडाळलं तर आत घाम धरतो आणि गंज दुप्पट.

आत उतरायच्या आधी सगळी झाकणं काही तास उघडी ठेवा, पंखा लावा. बंद लोखंडी पेटीत गंज हवेतला ऑक्सिजन खातो. माणूस आत जाऊन भोवळ येऊन पडतो. एकट्याने उतरायचं नाही, झाकणाशी दुसरा हवा.

आता रंग. पापुद्रे सुटले कारण खालचा गुळगुळीत जुना थर न काढता वर इनॅमल मारला गेला. कॉपर स्लॅग किंवा गार्नेटने ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून सफाई) करून घ्या, दर्जा एसए अडीच, म्हणजे जवळजवळ उघडं स्वच्छ पोलाद. नदीची वाळू नको, तिच्या धुळीने फुफ्फुसं जातात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं नको, आणि ब्लास्टिंग करताना भोवती पडदे, कामगाराला हवेचा मास्क. काचा, पाटी आणि रबर आधी झाका.

ब्लास्टिंग झाल्यावर चार तासांच्या आत प्रायमर. संध्याकाळी ब्लास्ट करून सकाळी रंगवू म्हणणाऱ्याला परत पाठवा, रात्रीच्या दवाने पृष्ठभाग पिवळा पडतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर काम बंद; पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा ३ अंश जास्त हवं. म्हणजे डिसेंबर ते मार्च धरा, सकाळी ऊन चढल्यावर सुरुवात.

थर असे: झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमर ७५ मायक्रॉन, त्यावर एमआयओ (अभ्रकासारख्या लोह-ऑक्साईडचा) इपॉक्सी १०० मायक्रॉन, वरून उन्हात टिकणारा ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन ५० मायक्रॉन, मॅट. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) शेवटचा थर इपॉक्सीचा ठेवलात तर उन्हात वर्षभरात खडूसारखी पूड सुटते. छटा भारतीय मानक ५ मधली २२० क्रमांकाची ऑलिव्ह ग्रीन मागा, "मिलिटरी हिरवा" म्हणालात तर दुकानदार मनाला येईल ते देतो.

हिशेब: डब्यावर घन भाग (वाळल्यावर उरणारा रंग) ५० टक्के लिहिला असेल तर ७५ मायक्रॉनला लिटरमागे साडेसहा चौरस मीटर निघतात. असल्या खाचाखोचांत तिसरा हिस्सा वाया जातो, मग सव्वाचार धरा. गाड्याचा पृष्ठभाग १२० चौरस मीटर धरला तर प्रायमर साधारण २८ लिटर. कोटेशनमध्ये १० लिटर दिसले तर थर किती बसणार ते कळलंच.

पट्ट्यांना डांबरी काळा नको, चाकांच्या कडा पांढऱ्या तर नकोच.

फाटकाजवळ:
धन्यवाद. प्लग सापडले, चार होते, एक अजून सुटत नाही. आणखी एक: मुलं चढतात म्हणून झाकणं वेल्डिंग करून टाकायची आणि पुढच्या उतरत्या पत्र्यावर झेंड्याच्या खांबासाठी ब्रॅकेट वेल्ड करायचा असं ठरतंय. चालेल ना?

प्रीहीट:
दोन्ही नको.

चिलखती पोलाद म्हणजे कठीण केलेलं मिश्र पोलाद, गेटच्या अँगलसारखं माइल्ड स्टील नव्हे. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे ६०१३चा, म्हणजे नेहमीच्या कामाचा रॉड असतो. त्याच्या आवरणातून हायड्रोजन धातूत जातो, जाड थंड पत्रा वेल्डची उष्णता झटकन ओढून घेतो, जोडाशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि एक-दोन दिवसांनी आपोआप तडकते. म्हणूनच चिलखतावरच्या वेल्डची तपासणी ४८ तासांनी करतात. अशा कामाला पत्रा आधी तापवतात आणि ऑस्टेनिटिक स्टेनलेस रॉड किंवा भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर सुकवलेले लो-हायड्रोजन रॉड वापरतात. फाटकाशी उभं राहून हे कोणी करत नाही. शिवाय इंधनाच्या टाक्या रिकाम्या दिसल्या तरी आत वाफ असते. पेटवायला एक ठिणगी पुरते.

झाकणांना आहेत त्याच कड्यांतून कुलूप लावा, वर्षातून दोनदा उघडता आली पाहिजेत. झाकण उघडं ठेवताना टेकू द्या, जुनी स्प्रिंग दगा देते आणि बोटं जातात. झेंड्याचा खांब जमिनीत वेगळा पुरा, गाड्याला भोक नको.

नळीत पाणी साचू नये म्हणून तोंड किंचित खाली झुकवून ठेवा आणि नळीच्या तोंडाच्या बुचाला खालच्या बाजूने १० मिमीचं भोक द्या. तोफ वर रोखलेली छान दिसते, पण सगळा पाऊस नळीतून मागे उतरतो.

भेगाळलेल्या रबराचं कारण ऊन आणि वजन. ३९ टन त्या बारा चाकांच्या रबरावर वर्षानुवर्षं एकाच जागी बसतात. तळाच्या कडेला, उभ्या पत्र्यांच्या बरोबर खाली, स्टीलचे चार स्टँड लावा, मधोमध पातळ पत्र्याखाली नाही. हायड्रॉलिक जॅकने रबरावरचं वजन हलकं होईल एवढंच उचला, पट्टा जमिनीला टेकलेलाच दिसेल. जॅकवर सोडून देऊ नका. आणि फरशी काढा. पट्ट्याखाली पाणी अडतं ते तिच्यामुळे. पट्ट्यांपुरत्या दोन आरसीसी पट्ट्या ठेवा, मधली जागा खडीची. जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोच्याही आत असतो, पण चौथरा भरावाच्या मातीवर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, एक बाजू खचली की गाडा तिरका होतो.

कोनशिला:
वरच्यात भर: ड्रायव्हरच्या जागेतले मीटर उघडू नका. जुन्या वाहनांच्या काट्यांवरचा चमकणारा रंग किरणोत्सारी असू शकतो. ब्रेक-क्लचचं लायनिंग आणि एक्झॉस्टवरचं वेष्टन ॲस्बेस्टॉसचं निघण्याची शक्यता आहे, ते कुरतडू नका, ओलं करून झाका. रंगवण्याआधी नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघून या, झाकणं-नळी कशी ठेवलीत त्याचे फोटो घ्या.

मायक्रॉन:
न सुटणाऱ्या चौथ्या प्लगला गॅस लावू नका, आत डिझेलचा चिखल आहे. बाकी तीन उघडे असतील तर आधी तो चिखल धुऊन काढा, मग डोक्यावर हातोड्याने दोन-चार सरळ ठोके, पुन्हा भेदक तेल, आणि लांब दांड्याचा सॉकेट. डोकं गोल झालं तर सोडून द्या. तीन भोकांतून पाणी निघतंय, फक्त त्या कोपऱ्यातलं पाणी उघड्या भोकांकडे यावं म्हणून त्या बाजूचे स्टँड ५ मिमी जास्त उचला.