प्रतिसाद: विंगर म्हणजे नुसता पळणारा?

रग्बीत विंगरचं (मैदानाच्या कडेला खेळणाऱ्या खेळाडूचं) काम फक्त शेवटी चेंडू घेऊन पळायचं, असं मत इथे कुणी मांडलंय. ते फ्रान्सच्या फिलिप सेंट-आंद्रे या विंगरच्या बाबतीत तरी पटत नाही. 3 जुलै 1994, ऑकलंडचं ईडन पार्क. न्यूझीलंड 20-16 ने पुढे, सामना संपत आलेला. फ्रान्सच्या या कर्णधाराने स्वतःच्या अर्ध्यात खोलवर चेंडू उचलला आणि किक मारून मोकळं होण्याऐवजी सरळ पळत सुटला. पुढे हातोहात पास होत गेले आणि ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) केला तो त्याचा सहकारी सादूर्नीने. फ्रान्स 23-20 ने जिंकला, मालिकाही 2-0! फ्रेंच लोक या ट्रायला 'जगाच्या टोकावरचा ट्राय' म्हणतात.

सेंट-आंद्रेचे देशासाठी 69 सामने, 32 ट्राय. नंतर प्रशिक्षक झाला, 2006 मध्ये सेल शार्क्स या क्लबला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून मात्र पार माती झाली. 2015 च्या विश्वचषकात कार्डिफला उपांत्यपूर्व फेरीत 62-13 ने हार, आणि समोर पुन्हा न्यूझीलंडच. बरीच वर्षं लोकांना तेवढंच आठवत होतं, पण 2022 मध्ये याच माणसाने माँपेलिए या क्लबला त्यांचं पहिलं फ्रेंच विजेतेपद मिळवून दिलं.